वाफेच्या खोलीतला घरजावई

४ नोव्हेंबर

बायकोची, मित्सुएची, शस्त्रक्रिया झाली. खुब्याचं हाड मोडलं होतं, आत धातूची कांडी बसवली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण वेळ लागेल. हे तिला तोंडावर सांगायचं धाडस त्यांनी केलं, माझ्याच्यानं झालं नसतं. घरच्या वाफेच्या खोलीच्या ओल्या पायरीवरून ती घसरली, आणि त्याचाच तिला जास्त राग आहे. त्या पायरीवर ती रांगायला शिकली होती म्हणे.

दुपारी रुग्णालयातली जेवणखाण ठरवणारी मुलगी आली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू केल्यात, हृदयाचे ठोकेही जरा चुकतात, म्हणून त्या कायमच्या. आणि त्या गोळ्यांवर नात्तो, म्हणजे आमचं ते आंबवलेलं चिकट सोयाबीन, अजिबात चालत नाही. "आवडत असेल तर वाईट वाटेल आजी, पण एक दाणासुद्धा नाही हं." मित्सुए तीन पिढ्यांची नात्तोवाली. ती इतकी हसली की टाके दुखायला लागले. ती पोर बिचारी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

६ नोव्हेंबर

आज मित्सुएचं फर्मान निघालं. "यंदा खोली बंद ठेवा. हानावाला सांगा, सरायीतल्या नाश्त्याला कारखान्याचा नात्तो घेत जा म्हणावं."

"आणि बी?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "किती दिवस पुरायचं होतं ते."

बी म्हणजे आमच्या शीतकपाटातली ती छोटी बाटली. गढूळ पाणी दिसतं, पण त्यात नात्तोचे जंतू झोपलेले असतात. मित्सुएच्या आजोबांनी स्वतःच्या शेतातल्या भाताच्या पेंढ्यातून ते काढले. आता आमच्या हिताचिओता गावात सगळे नात्तोवाले जंतू विकत आणतात, आम्ही तेवढे घरचे वापरतो. वाफवलेल्या सोयाबीनवर ते शिंपडायचे, उबेत ठेवायचं, की दाण्यांना तार सुटते. वर्षातली जी खेप सगळ्यात उत्तम साधेल तिच्यातून पुढचं बी धरायचं, आणि कुठली खेप उत्तम ते घरच्या लेकीनं चाखून ठरवायचं, असा मित्सुएच्या घराण्याचा, नेमोतोंचा शिरस्ता. गेले दोन हिवाळे मित्सुएला एकही खेप मनासारखी वाटली नाही. त्यामुळे बाटली जुनी झाली आहे आणि तळाला गेली आहे. या हिवाळ्यात नवं धरलं नाही तर नेमोतोंचं बी संपलं.

मी घरजावई. आडनाव त्यांचं घेतलं, पण वाफेची खोली आईकडून लेकीकडे जायची, जावयाकडे नाही. मी जन्मभर बस चालवली आणि पहाटे डबे पोचवले. सोयाबीनची पोती उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायची, आत पाऊल टाकायचं नाही. आम्हाला लेक झाली नाही, शुन्सुके झाला, आणि तो होक्काइदोत पूल बांधतो.

ठरवलं आहे. मित्सुएला कळू न देता मी खेप लावणार. ती घरी येईल तेव्हा नवं बी भरलेली बाटली तिच्या हातात ठेवीन. नाहीतर ती नुसती पायानं नाही, मनानंही बसेल. तशी मित्सुए मला बघवणार नाही.

९ नोव्हेंबर

सोयाबीन भिजवलं, वाफवलं. पद्धत मी तिच्याकडूनच काढून घेतली, तीही अगदी सहज, गप्पांच्या ओघात. ताकास तूर लागू दिली नाही.

"तू शिंपडायचीस ते कधी गं? मला आपलं कुतूहल."

"झाकण काढलं की लगेच. रेंगाळायचं नाही."

आता ही बाई सगळ्याच गोष्टीत घाई करते. मिसोचं सूप तोंड भाजेल असं पिते, लाल दिव्यावर शेजारी बसून मलाच "चला, चला" करते. त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. झाकण काढलं तर वाफेनं भुवया पोळल्या. जिवंत जीव असल्या रटरटत्या दाण्यांवर कोण टाकील? शुन्सुकेला न्हाऊ घालताना पाण्यात कोपर बुडवून बघायचो, तसं दाण्यांत कोपर खुपसून पाहिलं. सोसवेल इतकं कोमट झालं तेव्हाच हलक्या हातानं शिंपडलं. "या बाबांनो, उठा," असंही म्हटलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

११ नोव्हेंबर

दाणे जसेच्या तसे. तार नाही, वरची पांढुरकी साय नाही. नात्तोला वास असतोच, पण हा नात्तोचा नव्हता. सगळं परसात पुरलं.

संध्याकाळी मित्सुएचा फोन. "आज काय केलंत?"

"गाडी धुतली."

"कालही धुतलीत."

"चिखल फार आहे यंदा."

"हं. हात भाजला नाही ना?"

"गाडी धुताना हात कसा भाजेल?"

"नाही, आपलं विचारलं. झाकण नेहमी आपल्यापासून लांब, पलीकडे उघडावं माणसानं." मग ती शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घोरण्याबद्दल बोलायला लागली. औषधांनी तिचं बोलणं जरा भरकटतं.

१४ नोव्हेंबर

दुसरी खेपही गेली. या वेळी तर मी जास्तच काळजी घेतली होती. दाणे आणखी निवू दिले, डब्यांवर माझी लोकरीची घोंगडी घातली, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. घोंगडीला मात्र आता वास सुटला आहे.

हानावा आला. तो शाळेपासूनचा दोस्त, नदीकाठची सराय त्याची. त्यानं तीन दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिला.

"चांगले उकडलेत," तो म्हणाला.

"नात्तो आहे तो."

"अरे तोकुजी, मग नात्तोला कळवलंस का तसं?"

मी त्याला शपथ घातली, मित्सुएला यातलं काही कळता कामा नये. त्यानं कानाला हात लावले. त्याची मावशी त्याच रुग्णालयात त्याच मजल्यावर आहे, रोज जातो तो, म्हणून जरा धाकधूक वाटते. पण हानावा शब्दाचा पक्का.

बाटलीत तळाशी दोन बोटं उरलंय. जीव टांगणीला लागलाय.

१६ नोव्हेंबर

अचानक सूनबाई दारात. मिनाको त्सुकुबाला प्रयोगशाळेत असते. म्हणाली, "रजा उरली होती बाबा, म्हटलं तुम्हाला जेवायला घालावं." योगायोग म्हणायचा. गाडीत मात्र एक पेटी होती आणि तिच्यात सूक्ष्मदर्शक. रजेवर येताना लोक असलं काही आणतात का, विचारलं, तर म्हणाली, "ओसाकाची माणसं छत्रीसुद्धा दोन-दोन घेऊन फिरतात."

मिनाकोची गंमत अशी की ती याच जंतूंवर काम करते, आणि नात्तो तिला डोळ्यांसमोर धरवत नाही. ओसाकाकडचे सगळेच नाक मुरडतात, पण हिनं लग्नाच्या बोलणीत मित्सुएला तोंडावर सांगितलं होतं, "आई, मी त्याचा अभ्यास करते, खात नाही." मित्सुएनं तिथल्या तिथे होकार दिला. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

रात्रीच्या जेवणावर मी सगळं सांगून टाकलं. कोपराचा भाग ऐकून तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"बाबा, तुम्ही त्यांना अंगाई गायलीत."

"पोळले असते ते!"

"ते उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाहीत. झोपलेत ते, पण चिलखत घालून झोपलेत. उद्या दाखवते."

१७ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो.

मिनाकोनं बाटलीतला एक थेंब काचेवर घेतला. मी डोळा लावला. काळोखात चमकणारे बारीक मोती, शेकडो. मला तर भरूनच आलं. मित्सुएच्या आजोबांच्या शेतातले ते.

"चमकतायत ते झोपलेले," ती म्हणाली. "आता यांना दाण्यांचं पाणी पाजते." पाजलं. आम्ही बघत बसलो. एखाददुसरा सोडला तर काही नाही, सगळे तसेच चमकत राहिले.

मग तिनं दुसरा थेंब घेतला. तो आधी चांगल्या कढत पाण्यात अर्धा तास धरून ठेवला, मग तेच दाण्यांचं पाणी दिलं. थोड्या वेळानं एक मोती मंद झाला. मग दुसरा. मग भराभर विझायलाच लागले.

"मिनाको! मेले गं!" मी ओरडलो.

"जागे झाले बाबा. चमक जाते ती पाणी आत शिरलं म्हणून. आता बघा, फुगतील."

माझी पाचावर धारण बसली होती, ती तेव्हा सुटली. मग तिनं चहा करून समजावलं. त्या झोपलेल्या जीवाच्या चिलखताआड एक पातळ पापुद्रा असतो, आणि त्यात ठरावीक प्रथिनं पहाऱ्याला बसलेली असतात. ग्राही प्रथिनं असं त्यांचं भारदस्त नाव. एक जात एकच विशिष्ट अमिनो आम्ल ओळखते. दुसऱ्या जाती एकट्यादुकट्या चवीवर उठत नाहीत. साखर, आणखी एक अमिनो आम्ल आणि पोटॅशियम, सगळं एकदम आलं तरच मानतात. सोयाबीनमध्ये हे सगळं आहेच. पण बरेच दिवस झोपलेल्या जीवाचे पहारेकरी असे सुस्त असतात की नाकाशी जेवण धरलं तरी ढिम्म. आधी चांगला शेक बसला पाहिजे, मग ते शुद्धीवर येतात. आणि ज्यांच्याकडे पहारेकरीच कमी, त्यांना शेकही जास्त लागतो.

"म्हणजे बसमधल्या घंटीसारखं," मी म्हटलं. "प्रवाशानं बटण दाबल्याशिवाय मी थांबायचो नाही. जुन्या गाडीत निम्मी बटणं बिघडलेली असायची, लोक कुठल्या कुठे जाऊन उतरायचे."

"बाबा, हे मी विद्यार्थ्यांना सांगणार."

मला आवडलेली गोष्ट वेगळीच. उठायच्या आधी ते जीव काही खात नाहीत, पोटात कणसुद्धा जात नाही. नुसती ओळख पटते आणि त्या भरवशावर चिलखत उतरवतात. माणूस एवढा भरवसा ठेवत नाही.

म्हणजे मित्सुएची घाई ही घाई नव्हतीच. चाळीस वर्षं मी तिला उतावळी म्हणत आलो.

२० नोव्हेंबर

तार! हातभर तार! झाकण काढल्याबरोबर रटरटत्या दाण्यांवर शिंपडलं होतं, झाकण पलीकडे उघडून. आज डबा ढवळला तर तुटता तुटेना. मी अंगणात जाऊन हानावाला फोनवर ओरडून सांगितलं. मिनाको तोंडाला रुमाल बांधून नाचत होती.

हुरूप इतका, की काल रात्रभरात मी ऊबखोलीचं, म्हणजे डबे मुरायला ठेवतात त्या खोलीचं, दार कितीदा उघडून पाहिलं ते विचारू नका. शेवटी सकाळी काढायचे डबे आणखी थोडे मुरू देत म्हणून दुपारपर्यंत आतच ठेवले होते.

२१ नोव्हेंबर

डबा घेऊन मिनाकोबरोबर रुग्णालयात गेलो. वाटेत भाषण जुळवलं होतं, पण खाटेपाशी पोचल्यावर नुसता डबा पुढे केला. "मी लावली खेप. तुला न सांगता."

"अगंबाई," मित्सुए म्हणाली. तिला धक्का बसला असणार, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शांतपणे झाकण काढलं, चॉपस्टिकनं ढवळलं, तार दिव्याकडे धरून पाहिली, मग डबा नाकाशी नेला. नेला तो बराच वेळ तिथेच. एक दाणासुद्धा नाही, असं त्या पोरीनं सांगितलं होतं ना.

मग तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. "चाखा."

"मी?"

"मला बंदी. मिनाको खायची नाही. घरात राहिलं कोण? चाखा आणि सांगा, बी धरायचं का?"

मी खाल्लं. हळूहळू चावलं. हो म्हणायला जीभ शिवशिवत होती. बाटलीत जेमतेम एका खेपेपुरतं उरलंय, ते हुकलं की सगळं संपलं. पण मित्सुएच्या हातचं चाळीस वर्षं रोज सकाळी भातावर खाल्लंय मी, ती चव विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही.

"तार चांगली आहे," मी म्हटलं. "पण शेवटी मागे कडवट राहतं. जास्त मुरलं, माझ्यामुळेच. खायला ठीक, बी धरण्याजोगं नाही."

मिनाको हळूच म्हणाली, "बाबा, बाटलीत आता फार नाही..."

"ठाऊक आहे गं. पण हेच बी धरलं तर पुढे जन्मभर हेच निघणार."

मित्सुएनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. मीच रडवलं तिला. खोटं बोललो असतो तर निदान आजचा दिवस सुखात गेला असता. निघताना मात्र आवाज खणखणीत होता: "अहो, वाफेच्या खोलीच्या दारातून चाकांची खुर्ची आत जाते का, बघून सांगा. आणि ती पायरी काढून तिथे उतार करून घ्या."

बहुधा खोली रिकामी करायची असेल. भांडी बाहेर काढायला उतार बरा पडेल.

२६ नोव्हेंबर

उतार केला. हानावा फळ्या घेऊन आला, त्याला सांगायच्या आधीच. शब्दाचा पक्का असला तरी या माणसाला सगळं कुठून कळतं देव जाणे.

दोन रात्री घरी राहून बघायची परवानगी मित्सुएला मिळाली आहे. उद्या येते. शेवटची खेप तिच्यासमोरच लावायची आहे. मला बसचा पहिला दिवस आठवतो, तेव्हासुद्धा मी एवढा धास्तावलो नव्हतो.

२७ नोव्हेंबर

ती उंबऱ्यात खुर्चीवर बसली होती, मांडीवर शाल. मी आत. आमच्या घरात हे असं उलटं कधीच झालेलं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही कुठे बघावं कळेना.

मिनाकोनं बाटली आधीच कढत पाण्यात बसवली होती. जे गाढ झोपलेत, ज्यांचे पहारेकरी थोडे, ते शेवटी तळालाच उरलेले असणार, असं तिचं म्हणणं. प्रयोगशाळेत असल्या न उठणाऱ्यांना शिव्याच बसतात. "पण आई, सगळे एकदम उठले असते तर एखाद्या वाईट वर्षी तुमचं बी कधीच संपलं असतं. हे आळशी आहेत म्हणून घराणं टिकलं."

"आमच्यात आळशी कोणी नाही," मित्सुए म्हणाली. "हट्टी म्हण."

मी झाकणाला हात घातला. मागून एकही सूचना येईना. वळून पाहिलं तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, जणू दाढ ठणकते आहे. झाकण पलीकडे उघडलं. वाफ उसळली. शेवटचे थेंब मी त्या वाफेत, त्या तापल्या दाण्यांवर शिंपडले, कोपराबिपराच्या भानगडीत न पडता. मग ऊबखोलीचं दार लावलं आणि किल्ली मिनाकोच्या हाती दिली. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

२९ नोव्हेंबर

मित्सुए दुपारी परत जायची होती. सकाळी डबे काढले, निववले. मिनाकोनं भात वाढला. त्यावर मी नात्तो घातला आणि ढवळायला लागलो.

पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तार जिभेवर रेशमासारखी, दाणा मऊ, शेवटी गोडसर, आणि मग तोंड स्वच्छ. मित्सुएची चव म्हणावी तर तीच, पण किंचित वेगळी. काय वेगळं ते मला सांगता येईना. मिनाकोचा धीर सुटला, तिनं नाक चिमटीत धरून एक दाणा तोंडात टाकला, डोळ्यांत पाणी आणून गिळला आणि म्हणाली, "मला काही विचारू नका."

मित्सुए माझ्याकडे बघत होती. भात, डबा कशाकडे नाही, माझ्याकडे.

"बी धरतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मला वाटलं, आता डबा मागेल, नाकाशी नेईल, तार दिव्याकडे धरून बघेल. तिनं डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. खुर्ची स्वतःच वळवून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेलो तर रिकामी बाटली भांड्यात घालून पाणी तापत ठेवत होती. नव्या बियासाठी बाटली उकळून घ्यायची असते. आमच्याकडे ते काम नव्या शिकाऊला देतात. लग्न होऊन आलो त्या हिवाळ्यात मीच नवा होतो, पण जावई म्हणून सासूबाईंनी ते मला दिलं नाही.

"तू कशाला? मिनाको आहे ना," मी म्हटलं.

"ती खात नाही. खात नाही त्यानं बाटलीला हात लावायचा नसतो."

"तुलाही खायची बंदी आहे."

"मी गेली साठ वर्षं खाल्लंय. तेवढं पुरेल. अजून काय काय उकळायचं, ते सांगा."

"झाकण. आणि चिमटा."

"बरं, मालक."

थट्टेत म्हणाली असावी. पाणी उकळेपर्यंत ती भांड्यापाशीच बसून होती. आणि मी भात संपवायचा सोडून दारातच उभा राहिलो, त्यामुळे तो गार झाला.